मानाचा बैल

ओढणीचं टोक हातात घ्यायचं, त्याला एक गाठ मारायची आणि समोरच्याकडे पाहून गोड हसत म्हणायचं, "ध्यानात ठेवलं बरं मी!" आमच्या शाळेतल्या ड्रॉइंगच्या मॅडम असं म्हणाल्या की समजायचं, आपली काही धडगत नाही.

मला ती गाठ मॅडम शाळेत आल्या त्याच महिन्यात बसली. चौथीचा अभ्यासक्रम मागे पडला होता म्हणून मी त्यांचा चित्रकलेचा तास गणितासाठी मागून घेतला, एवढाच माझा गुन्हा. "घ्या न सर, घ्या," म्हणाल्या आणि गाठ मारली. पुढे तपासणीला साहेब आले त्या दिवशी माझा अख्खा वर्ग कोपरापर्यंत निळा होऊन बसला होता. आदल्या तासाला मॅडमनी ठसेकाम घेतलं होतं. साहेबांनी पाढे विचारले. पोरं पाढे म्हणताना बोटं मोजत होती, डोकं खाजवत होती आणि तीच बोटं नाकाला पुसत होती. साहेब पाढे ऐकायचे सोडून आपली पांढरी बाही सांभाळत बसले. मॅडम खिडकीबाहेर उभ्या राहून ओढणीची गाठ सोडत होत्या.

त्यानंतर मी त्यांचा तास कधी मागितला नाही. आमची दोस्तीही तेव्हापासूनची.

आपल्याकडे माफ करणाऱ्या माणसांचं फार कौतुक असतं. माफ करावं, विसरून जावं, असं परिपाठाच्या वेळी आम्हीच पोरांना शिकवतो. पण तुम्ही नीट पाहा, विसरून जा म्हणणारा बहुतेक वेळा मारणारा असतो. मॅडम विसरत नसत. उन्हाळ्यात घरोघर पापड-कुरड्या वाळवून डबे भरून ठेवतात, तसे त्यांनी राग भरून ठेवले होते. वेळ आली की एकेक काढून तळत. मला हा स्वभाव आवडायचा. मीही काही संत नाही.

मॅडम नांदगाव खंडेश्वरकडच्या एका खेड्यातल्या. आमची शाळा अमरावतीत, खाजगी संस्थेची. मी तिथे प्राथमिक विभागात चौथीला शिकवतो. मॅडम तासिका तत्त्वावर होत्या, म्हणजे जेवढे तास शिकवतील तेवढ्यापुरत्याच शाळेच्या. 'यंदा कायम करू' असं संस्था त्यांना दरवर्षी सांगे. मी सांगतोय त्या वर्षी मात्र खरोखर जागा निघाली होती. फक्त अध्यक्षांची सही राहिली होती. अध्यक्षांनी मनात आणलं की मॅडम कायम, नाही आणलं की घरी. हे शाळेतल्या शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं, आणि मॅडमना तर होतंच.

त्यांचे नेहमीचे शत्रू म्हणजे पालक. तुम्ही कधी प्राथमिक शाळेतला हस्तकलेचा प्रकल्प पाहिला असेल तर तुम्हाला कळेल. दुसरीतलं पोरगं थर्माकोलचा किल्ला घेऊन येतं, बुरुजाला दिवे, दरवाजाला साखळी. पोराला विचारावं, कसा केला रे, तर ते म्हणतं, "मी झोपलो होतो." गेटसमोरच्या दुकानात तर तयार ज्वालामुखी मिळतो. आम्ही बाकीचे मास्तर गुण देऊन मोकळे होत असू. मॅडम नाही.

स्नेहसंमेलनाच्या वेळी त्यांनी प्रदर्शन मांडलं. प्रत्येक वस्तूखाली सुबक अक्षरात चिठ्ठी. कलाकार: आई, इयत्ता दुसरी ब. कलाकार: मोठे मामा, इयत्ता तिसरी. कलाकार: गेटसमोरचं दुकान. आणि अधूनमधून एखादा वाकडा कागदी मोर, त्याखाली पोराचं नाव. एक आई तणतणत आल्या. "मॅडम, हे काय लिहून ठेवलं?"

"तुमचंच काम हाय न ताई ते?" मॅडम म्हणाल्या. "एवढं सुंदर काम अन् नाव पोट्ट्याचं? हा तुमच्यावर अन्याव हाय. मी नाई होऊ देणार."

आगपेटीच्या काड्यांचं घर करून आणणारे एक वडील होते. मॅडमनी त्यांचं इतकं कौतुक केलं, इतकं केलं, की दर शनिवारी येऊन सगळ्या वर्गाला शिकवायचं त्यांनी कबूल केलं. त्या माणसानं दिवाळीपर्यंतचे शनिवार तिसरीच्या बाकात गुडघे छातीशी घेऊन काढले. त्यांचा मुलगा शेजारी बसून त्यांना डिंक पुरवायचा. पुढे त्या मुलाचं एकही काम देखणं आलं नाही. सगळी वाकडी, डिंकाचे ओघळ आलेली. मॅडमनी ती सगळी मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेरच्या दर्शनी भिंतीला लावली.

पोरांवर मात्र त्यांनी कधी गाठ मारली नाही. एका पोरानं त्यांच्या पर्समध्ये पोस्टर कलर ओतला होता. त्याला त्या एवढंच म्हणाल्या, "थोडं पानी टाकून ओतलं असतं त सारखं पसरलं असतं."

त्यांच्या सगळ्यात जुन्या गाठीची गोष्ट मला त्यांनी एकदा डबा खाताना सांगितली. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी आधी थोडं सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोरांचा पोळा असतो, तान्हा पोळा. लाकडाचे, मातीचे बैल सजवून पोरं आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली रांगेत उभी राहतात. सगळ्यांत पुढे मानाचा बैल. तो तोरणाखाली आला की नारळ फोडतात, तोरण तोडतात, मग पोळा फुटतो आणि पोरं बैल घेऊन घरोघर खाऊ गोळा करत हिंडतात.

मॅडम तेव्हा तिसरीत होत्या. नाल्याच्या काठच्या मातीचा बैल त्यांनी स्वतः केला होता. डोळ्यांना गुंजा लावल्या होत्या. तो घेऊन त्या पाटलांच्या दारातल्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. पाटील तेव्हा तरुण होते. त्यांनी बैलाकडे पाहिलं, मग हिच्याकडे पाहिलं, कोणाची म्हणून विचारलं. बापाचं नाव कळल्यावर म्हणाले, "ज्याच्या घरी बैल नाई, त्याचा बैल तोरनाखाली कावून?" आणि काठीच्या टोकानं बैल रांगेबाहेर सरकवला. सरकवताना त्याचं शिंग मोडलं. वर हिच्या हातावर रेवड्या टाकल्या, जरा उंचावरून.

"घरी येऊन रडली त बाबा माह्यावरच चिडले," मॅडम म्हणाल्या. "म्हने आपन बुद्धाचे, आपल्यात पोळा नाई, तू गेलीच कावून तिथं? त्याईचंबी खरं होतं. पन सर, बैल मी केला होता न! थो त चांगला झाला होता!"

पोरीच्या हातचा बैल काठीनं ढकलणाऱ्या माणसाचे हात तिथल्या तिथे झडले पाहिजेत, असं मला वाटलं. आजही वाटतं.

"कुठे असतो तो पाटील?" मी विचारलं.

मॅडमनी चमच्यानं भिंतीकडे दाखवलं. भिंतीवर संस्थेच्या माननीय अध्यक्षांचा फोटो होता.

"मुद्दाम आलात तुम्ही या शाळेत?"

"नाई हो. जागा होती म्हनून आली. पहिल्या दिवशी फोटो पाह्यला अन् म्हटलं, बरं झालं."

शाळेच्या तान्ह्या पोळ्याला मानाचा बैल अध्यक्षांच्या नातवाचा असे. नागपूरहून आणलेला, चाकाचा, लाकडी. ड्रायव्हर तो गाडीतून उतरवायचा आणि नातू त्याची दोरी धरून उभा राहायचा. माझ्याच वर्गातला मुलगा, गुबगुबीत, शांत. त्या वर्षी मॅडमनी सुचवलं, विकतचे बैल बंद. पोरांनी वर्गात मातीचे बैल करावेत, पर्यावरणपूरक होईल, पेपरवाले येतील. पेपरवाले म्हटल्यावर अध्यक्ष लगेच हो म्हणाले.

आता आमची काळी माती तुम्हाला माहीतच आहे. ओली असताना पायाला सोडत नाही आणि वाळली की तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मॅडमनी पोरांना सांगितलं, कापूस पिंजून मातीत मळा, बैल लहान करा, पाय जाड करा, सावलीत वाळवा, पुरता वाळल्यावरच रंग द्या. माझा वर्ग महिनाभर चिखलात होता. फक्त अध्यक्षांचा नातू हात मांडीवर ठेवून बसायचा. स्वच्छ हातांनी दुसऱ्यांच्या मातीकडे बघत राहायचा.

"तू कावून नाई करत रे?" मॅडमनी विचारलं.

"माहा बैल घरी होऊन राह्यला. आबा करून राह्यले."

"आबाले सांग, मातीत कापूस टाकाले लागते."

दुसऱ्या दिवशी त्यानं उत्तर आणलं. आबा म्हणाले, आपल्या वावरातल्या मातीत भेसळ करत नसतात.

मॅडमनी मान हलवली. मी नंतर म्हटलं, "पुन्हा एकदा निरोप द्या की. पडेल तो बैल."

"सगळ्याईले एकडावच सांगतलं सर मी. त्याईलेबी एकडाव सांगतलं." आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी अजून कोणाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही. पण लगेच त्या गंभीर झाल्या. "पोट्टं मात्र कोरडंच राह्यलं सर. हे चांगलं नाई झालं."

"तुमच्या कायम होण्याचं काय?" मी विचारलं. "सही व्हायची आहे. यंदा जरा दमानं घ्या."

"सही होऊ द्या नाईतर नको होऊ द्या. मानाचा बैल पोट्ट्याच्या हातचा असन."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मैदानात तोरण बांधलं. पोरांचे बैल रांगेत लागले, कोणाचा डुकरासारखा, कोणाचा मांजरासारखा, सगळे आपापल्या पायांवर उभे. सर्वांत पुढे ड्रायव्हरनं चाकाच्या फळीवरून अध्यक्षांचा बैल आणून ठेवला. माणसाच्या गुडघ्याएवढा उंच. सोनेरी शिंगं, अंगभर चकचकीत ऑइलपेंट, आणि त्या धडाखाली काडीसारखे चार पाय. मॅडमनी खिशातून चिठ्ठी काढून फळीवर चिकटवली. कलाकार: माननीय अध्यक्ष, इयत्ता चौथी अ.

मुख्याध्यापकांचा चेहरा पडला. पण चिठ्ठी काढायची तर सगळ्यांसमोर काढावी लागणार होती, म्हणून त्यांनी ती न पाहिल्यासारखं केलं.

अध्यक्ष नेहमीप्रमाणे उशिरा आले. तोवर ऊन चढलं होतं आणि बैल उन्हातच उभा होता. आधी त्याच्या मानेवरचा रंग सुटला. मग पोटाला भेग गेली. अध्यक्ष पांढऱ्याशुभ्र कपड्यांत तोरणाजवळ आले, त्यांनी नारळ हातात घेतला, पेपरवाल्यांनी कॅमेरे वर केले, आणि बैल पुढच्या पायांवर बसला. घटकाभर बसून राहिला. मग त्याचं डोकं निखळून घरंगळत अध्यक्षांच्या बुटाशी गेलं.

बँड थांबला. त्या शांततेत नातू ओरडला, "मी नाई केला! आबानं केला!"

मागच्या रांगेतून पहिलं हसू आलं. ज्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या प्रदर्शनात लागल्या होत्या त्या आया सगळ्यांत जोरात हसत होत्या. काड्यांच्या घराचे वडील तर डोळे पुसत होते. मीही हसलो, पोटभर हसलो, आणि मला त्याची तिळमात्र लाज नाही.

"दुसरा बैल घ्या पुढे," अध्यक्ष गुरगुरले. "करा सुरू."

"असं कसं साहेब?" मॅडम पुढे झाल्या. आवाजात साखर. "मानाचा बैल तोरनाखाली आल्याबिगर पोळा फुटते का? रीत हाय न."

रीत अध्यक्षांचीच होती. त्यांच्याच दारात ती त्यांनी काठी घेऊन राखली होती. आता पेपरवाले, पालक, पाहुणे यांच्यासमोर ती मोडता येईना.

मॅडमनी ओल्या पोत्याखालचा मातीचा गोळा आणून नातवासमोर ठेवला आणि त्याच्याजवळ जमिनीवर बसल्या. "कर बापा. निवांत कर. सगळे थांबते."

पोरगं आधी बिचकलं. बोट बुडवून आजोबांकडे पाहिलं. मग दोन्ही हात घातले. काय सांगू तुम्हाला, जूनपासून माझ्या वर्गात मुकं बसणारं ते पोर, त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. शिंग असं करू का, पाय राह्यते का, शेपूट कुठी लावू. मॅडमनी मातीला एक बोट लावलं नाही. हात पाठीमागे धरून नुसत्या हं हं म्हणत राहिल्या. आणि अध्यक्ष उन्हात उभे. हातातला नारळ फोडता येईना, खाली ठेवता येईना. घाम कानामागून कॉलरमध्ये उतरत होता. कोणी खुर्ची आणली तर मॅडम म्हणाल्या, "तोरनाजवळ बसत नाईत साहेब." ही रीत त्यांनी तिथल्या तिथे तयार केली असावी.

बैल झाला. एक शिंग मोठं, एक लहान, आणि पोट जमिनीला टेकलेलं. मॅडमनी जुनी चिठ्ठी फाडली, नवी लिहिली, पोराचं नाव घातलं. ओला बैल तोरणाखाली आला, नारळ फुटला, तोरण तुटलं. पोरगं आनंदानं धावत जाऊन आजोबांना बिलगलं. पांढऱ्या सदऱ्यावर चिखलाचे दोन पंजे उमटले. क्षणभर म्हाताऱ्याचा हात नातवाच्या डोक्याकडे गेलासुद्धा, हे मला कबूल केलं पाहिजे. मग त्यांना कॅमेरे दिसले आणि हात परत आला.

सही झाली नाही, हे वेगळं सांगायला नको. महिन्याच्या शेवटी अध्यक्षांनी मॅडमना केबिनमध्ये बोलावलं. मी पायऱ्यांवर वाट पाहत होतो. त्या बाहेर आल्या आणि माझ्याजवळ बसल्या.

"काढलं?"

"काढलं. थे त माहीतच होतं." त्या म्हणाल्या, "मी सांगतलं सर त्याईले. गाव सांगतलं, बाबाचं नाव सांगतलं, बैल सांगतला, काठी सांगतली. म्हटलं, त्याचा हा सूड हाय."

"मग?"

"लय आठवून पाह्यलं त्याईनं. खरंच आठवून पाह्यलं. मंग म्हने, असन बाई, पोळ्याले किती पोट्टे येत दारात. मले वाटे, थो मानूस कुठी ना कुठी भिऊन असन. येईन कधीतरी थे पोट्टी, असं त्याले वाटत असन. सर, मी इतके वर्षं ज्याच्यासंगं भांडून राह्यली, थो तिथं नोताच!"

त्या रडल्या. मी त्यांना रडताना तेवढं एकदाच पाहिलं. बोलायला गेलो असतो तर शिव्याच आल्या असत्या, आणि समोर पहिलीची पोरं रांगेत पाणी पीत होती.

मॅडम अकोल्याला गेल्या. मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात त्यांची बहीण राहते. तिच्या पुढच्या खोलीत त्या मुलांचा चित्रकलेचा वर्ग घेतात. फोनवर बोलतात, हसतात, पण 'ध्यानात ठेवलं' म्हणत नाहीत. मीच एकदा आठवण काढली तर म्हणाल्या, "जाऊ द्या सर, आता नाई होत." ते ऐकून मला जेवढा राग आला तेवढा त्यांना काढल्याचाही आला नव्हता. नोकरी घेतली ती घेतलीच, वर त्या माणसानं बाईचा रागही घेतला.

शाळेत आता तान्हा पोळा होत नाही. चिखल होतो म्हणून बंद केला. पोरांना छापील बैलाचा कागद मिळतो, रेघेच्या आत रंग भरायला.

नातू आता पाचवीत आहे. जूनमध्ये शाळा उघडल्यावर तो माझ्याकडे आला. "सर, ड्रॉइंगच्या मॅडम कुठी गेल्या?"

बदली झाली, असं मला सांगता आलं असतं. मी म्हटलं, "आबांना विचार. त्यांना माहीत आहे."

दोन दिवसांनी परत आला. "आबा सांगत नाई."

"मग रोज विचार. जेवताना विचारायचं. भरल्या ताटावरून माणूस उठत नाही."

परवा त्यांचा ड्रायव्हर गेटवर भेटला. पोराला सोडायला आला होता. मी अध्यक्षांची तब्येत विचारली. म्हणाला, "बरी हाय सर. पन साहेब आता सांजच्यालेच जेवून घेते. पोट्टं ट्यूशनहून याच्या आंदी."

मी पोराला हाक मारली आणि सांगितलं, आता सकाळच्या चहाला विचारत जा.